‘सर्व प्रकारचे कोड ९० दिवसांत’ ही जाहिरात थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या जाहिरातींच्या पानावर एक चौकट नेमाने येते: ‘सर्व प्रकारचे कोड ९० दिवसांत मुळासकट बरे, गॅरंटी.’ कोड म्हणजे कातडीचा रंग जाऊन उठणारे पांढरे डाग. आमच्या गल्लीतल्या एका सुनेने ती कापून देव्हाऱ्याच्या फळीखाली जपून ठेवली होती. तिथून मागवलेलं तेल तिने हाताला चोळलं आणि सांगितल्याप्रमाणे उन्हात बसली. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत टरटरून फोड आले. बाटलीवर बावची या वनस्पतीचं नाव होतं. बावचीत सोरालेन असतं. ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. डॉक्टरही सोरालेन देतात, पण मात्रा आणि उजेडाची मिनिटं मोजून. फोड सुकले आणि त्या जागी नवे पांढरे डाग उठले. कोडाच्या माणसाला जिथे भाजतं, खरचटतं, तिथे नवा डाग फुटू शकतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी १९ वर्षं सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात परिचारिका होते. त्या अनुभवावरून सांगते, जाहिरातीतला ‘सर्व प्रकारचे’ हा शब्दच खोटा आहे. कोड सगळ्यांना सारखं होत नाही.

एका आठ वर्षांच्या मुलाला त्याचे वडील घेऊन आले होते. डाग फक्त चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, आणि त्याच डोळ्याच्या पापणीचे केस पांढरे. असं एका बाजूचं कोड बहुधा लहानपणीच येतं, वर्ष-दोन वर्षं पसरतं आणि थांबतं. थांबल्यावर त्यावर त्वचारोपण चांगलं लागू पडतं. दोन्ही गुडघे, दोन्ही कोपरं, हाताची बोटं असं जोडीने येणारं कोड यापेक्षा जास्त आढळतं, आणि ते मध्येच शांत राहून पुन्हा वाढतं. तशा रुग्णांना आमचे डॉक्टर थायरॉइडची तपासणी करायला सांगत, कारण असं कोड आणि थायरॉइडचे बरेच आजार यांच्या मुळाशी शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती असते. बायकांच्या कमरेवर परकराची नाडी जिथे घासते तिथे पट्टाच्या पट्टा पांढरा झालेला मी कितीदा पाहिला. आणि कपाळावर बरोबर टिकलीएवढा गोल डाग असलेल्या बायका! काही टिकल्यांच्या गोंदातल्या पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल या रसायनाने कातडीला रंग देणाऱ्या रंगपेशी मरतात. त्यांना पहिला सल्ला एवढाच असे, की टिकली सोडा, कुंकू लावा.

औषधाला दाद कशी मिळते, हेही जागेवर ठरतं. चेहरा, मान लवकर भरतात. ओठ आणि बोटांची टोकं फार हट्टी. रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळांतून. म्हणून पांढऱ्या डागात आधी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात, मग ते पसरून एकमेकांना मिळतात. तो पहिला ठिपका दिसला की मी रुग्णाच्या हातात आरसा द्यायची. पण ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर केसच नसतात, आणि डागातले केस पांढरे झाले असतील तर मुळांतला रंगपेशींचा साठाही संपलेला असतो. अशा जागी रंग आणायची गॅरंटी कुणी कशाच्या बळावर देतं? अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने घ्यावा लागतो. तीन महिन्यांत कुठे तर नुसती सुरुवात दिसते.

उन्हाळ्यात आमच्याकडे गर्दी वाढे. उन्हाने भोवतालची कातडी रापते आणि डाग उठून दिसतात, हे एक कारण. दुसरं कारण लग्नसराई. कोड बायका-पुरुषांत सारखंच होतं, पण केसपेपर काढायला रांगेत मुली जास्त. मासे खाऊन दूध प्यायली असेल म्हणून आईलाच बोल लावणारे नातेवाईक बरोबर असत. मासे-दुधाने कोड होत नाही, शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तर नाहीच. कितीतरी मुलांच्या गालावरचे फिकट डाग कोड नसतातच. अंधाऱ्या खोलीत वूड्सचा दिवा, म्हणजे अतिनील किरणांचा तपासणीचा दिवा, धरला की खरं कोड खडूसारखं झळाळतं, साधे फिकट डाग तसे झळाळत नाहीत.

आपल्या बातम्यांतही कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ लिहिलेलं वाचते तेव्हा फार वाईट वाटतं. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. कोडाच्या डागावर कापूस फिरवला तरी कळतो. त्या एका शब्दापायी चांगल्या शिकलेल्या मुलींची स्थळं मोडलेली मी पाहिली आहेत. ‘कोड’ हा आपला सुटसुटीत शब्द आहे, तोच वापरावा ही विनंती.

आणि जाहिरातीबद्दल विनंती नाही, आग्रह आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ज्या आजारांवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे, त्यांत कोडाचं नाव स्पष्ट आहे. जाहिरात देणाऱ्याइतकाच ती छापण्यात भाग घेणाराही त्यात जबाबदार धरला जातो. येत्या रविवारपासून ती चौकट पानावर दिसू नये. त्या सुनेने माझ्याकडे दिलेलं कात्रण पत्रासोबत जोडत आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सांगली