पालक दाराबाहेर

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही भरवताय त्या सभेचा तुझा मेसेज आमच्या पालकसंघाच्या ग्रुपवर फिरला आणि रविवारच्या बैठकीत दुसरं काही झालंच नाही. ‘सभा फक्त ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलामुलींची, पालक दाराबाहेर’ हे काहींना चांगलंच झोंबलं. “एवढी वर्षं खस्ता आम्ही खाल्ल्या आणि आता आम्हीच परके?” असा एकूण सूर. मी तुझी बाजू घेतली. आईच आहे, घेणारच, असं म्हणून ती बाजूला सारली गेली. म्हणून कारणं नीट लिहून काढतेय. तुला कुणी अडवलं तर कामी येतील. एका बाबतीत माझं तुझ्याशी पटत नाही, तेही लिहिते.

तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात. १९९२ मध्ये जिम सिंक्लेअर, डोना विल्यम्स आणि कॅथी ग्रँट या ऑटिस्टिक मंडळींनी ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ काढलं. तोवर ऑटिझमच्या परिषदा म्हणजे पालक आणि तज्ज्ञ. ऑटिस्टिक माणसाला बोलावलंच तर आपली कहाणी सांगायला, आणि मग ‘आमचा मुलगा असं का करतो’ याची उत्तरं द्यायला. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना तोंडावर सांगितलं, की तुम्ही मनात धरलेलं मूल आलं नाही याचं दुःख तुमचं तुम्ही करा, समोर आहे त्या मुलाच्या माथी ते मारू नका. ऑटिझम बाजूला काढला तर उरेल तो तुमचा मुलगा नसेल, दुसराच कुणीतरी असेल. हे ऐकायला मलाही जड गेलं. पण हे आपल्या पालकसभेत आम्ही एकमेकींना कधीच सांगितलं नसतं, हेही तितकंच खरं.

१९९६ पासून त्यांनी ‘ऑट्रीट’ हा ऑटिस्टिक लोकांचा स्वतःचा मेळावा भरवायला सुरुवात केली, पहिला न्यूयॉर्क राज्यातल्या एका शिबिराच्या जागी. पालकांना तिथे बंदी नव्हती हं, हे लक्षात ठेव. यायचं तर या, पण पाहुणे म्हणून. रीत घरच्यांची चालणार. आणि रीत कसली, तर एकदम कामाची. प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत बिल्ला. लाल असेल तर माझ्याशी आत्ता कुणीच बोलू नका. पिवळा असेल तर फक्त ओळखीच्यांनी बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्हीच या. ही चाल पुढे बऱ्याच ठिकाणी गेली. २००५ पासून इंग्लंडात याच धर्तीवर ‘ऑटस्केप’ भरतं. आपल्या लग्नांत कोपऱ्यात शांत बसलेल्या पोरीला ‘अगं एकटी काय बसलीस’ म्हणत हाताला धरून मांडवात ओढणाऱ्या मावश्यांची आठवण झाली. लाल बिल्ल्याने त्या थांबल्या असत्या का, शंकाच आहे.

पण नुसतं एकत्र बसून भागत नाही. २००७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमानस केंद्राने शहरभर जाहिराती लावल्या. खंडणीच्या चिठ्ठीसारखा मजकूर, खाली सही ‘ऑटिझम’: तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, तो आयुष्यभर स्वतःची काळजी घेऊ शकणार नाही, चारचौघांत मिसळू शकणार नाही. ‘ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क’ ही ऑटिस्टिक लोकांची संस्था तेव्हा जेमतेम वर्षाची, आणि ती चालवणारा अरी नेमन तुझ्याच वयाचा. इतर अपंग संघटनांना जोडीला घेऊन त्यांनी सह्यांची मोहीम उघडली आणि त्याच महिन्यात जाहिराती उतरल्या. तू पुढारी व्हावंस असं मी म्हणत नाही. पण आमच्या अध्यक्षबाईंना वाटतं तसं हे ‘पोरांचं खूळ’ नव्हे.

आपल्याकडचं तुला माहीतच आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हताच. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले तेव्हा तो आला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात होता, पण त्या कायद्याचं नाव निघालं की घरोघरी पहिली गोष्ट आठवते ती कायदेशीर पालकत्वाची, म्हणजे अठरानंतरही मुलांच्या वतीने निर्णय घेण्याच्या हक्काची. तू अठराची झालीस तेव्हा मला किती जणांनी सांगितलं, असे पालक नेमणाऱ्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज टाक, कायदेशीर पालक हो, मोकळी हो. अर्ज आणलाही होता. टेबलावर ठेवला, तू तो शेवटपर्यंत वाचलास आणि विचारलंस, “यात माझी सही कुठे?” तो अर्ज मी दिला नाही. बँकेतला माणूस अजूनही तू समोर उभी असताना मला विचारतो, ‘हिला किती काढायचेत?’ त्याचं काय करायचं ते तुम्ही सभेत बघा. तो विषय तुमचाच.

आता न पटलेलं. सभेला बोलावलेल्यांच्या तुझ्या यादीतले सगळे बोलणारे आहेत, कॉलेजात जाणारे किंवा नोकरीवाले. पलीकडच्या गल्लीतला तो सोळा वर्षांचा मुलगा, जो चित्रांची कार्डं पुढे करून पाणी मागतो, तो यादीत नाही. त्याची आई बैठकीत म्हणाली, “यांचं काय, यांना तोंड आहे.” यावर मला उत्तर देता आलं नाही, कारण यादीच तिच्या बाजूने बोलत होती.

अमेरिकेतल्या ऑटिस्टिक ब्लॉगर मेल बॅग्ज तुला माहीत असतील. तोंडाने बोलत नसत, टाइप करत. २००७ मध्ये त्यांनी एक व्हिडिओ केला. पहिला भाग नुसता गुणगुणण्याचा, हात हलवण्याचा, नळाच्या धारेखाली बोटं खेळवण्याचा. मग संगणकाचा आवाज सांगायला लागतो, की हीच माझी भाषा. पाणी कशाचं प्रतीकबितीक नाही, मी पाण्याशी बोलतेय, पाणी माझ्याशी. ज्यांना बोलता येत नाही त्यांना या चळवळीत जागा नाही, असं म्हणणाऱ्यांना हे दाखवता येतं. पण नुसतं दाखवून काय उपयोग? तो मुलगा तुमच्या खोलीत हवा. त्याच्या सोबत कुणीतरी लागेल, आणि ते कुणीतरी बहुधा त्याची आईच असेल. मग ‘पालक दाराबाहेर’ या नियमाचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा. माझं मत विचारशील तर सोबतीला मदतनीस म्हणून येऊ द्या, मत मांडायला नको. तिलाही हे आधी स्पष्ट सांगा, आयत्या वेळी नको.

पैशाचंही बोलून टाकते. पालकसंघ हॉलचं भाडं द्यायला तयार आहे. घेऊ नका. भाडं देणारा पुढच्या खेपेला विषयपत्रिका मागतो, मी कार्यकारिणीत आहे म्हणून सांगते. माणशी शंभर काढा, कमी पडले तर उसने म्हणून माझ्याकडून घे आणि पावती तुमच्या नावाने फाडायला लाव.

बाबांचा गुडघा बरा आहे. आजी विचारते, दिवाळीला कधी येतेस.

तुझी,
आई

ता. क. हॉल मी बघून आले. स्टेजकडच्या ओळीतली एक ट्यूब सारखी गुंईऽऽ करते आणि लुकलुकते. त्या ओळीचं बटण दारामागे आहे, वरून तिसरं. शिपायाला आदल्या दिवशीच सांगून ठेव, तो सकाळी अकराशिवाय उगवत नाही.