गिअर अडला की थेट गिअरबॉक्सच उतरवायचा?

संपादक महोदय,

माझी उमर गॅरेजात गेली, म्हणून न राहवून लिहितोय. जुन्या गाडीचा गिअर नीट पडत नाही म्हटलं, की हल्ली काही गॅरेजवाले गाडीला हात न लावताच 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल' असं सांगून मोकळे होतात. परवा शेजारच्या वहिनींना तेच ऐकवलं. त्यांची गाडी मारुती ८००.

मी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकले, विनातक्रार पडले. इंजिन सुरू करताच पहिला अडू लागला, रिव्हर्स करकरला. म्हणजे पेडल दाबूनही क्लच पुरता सुटत नव्हता, इंजिन नि गिअरबॉक्स एकमेकांपासून पूर्ण वेगळे होत नव्हते. बॉनेट उघडलं तर क्लच केबलच्या टोकाशी तारा तुटून झाडूच्या काड्यांसारख्या विस्कटलेल्या! नवी केबल घातली, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, जुळवला, गाडी चालू.

इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील, तर आधी लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्या नि त्यांच्या सांध्यांतले बुश (छोट्या नळ्या) बघावेत. एखादाच गिअर, बहुधा दुसरा, करकरत असेल तर गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. गिअर ऑइल तपासूनही आवाज राहिला, तर मात्र गिअरबॉक्स उघडणं आलं. केम्प्स कॉर्नरच्या चढावर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरणाऱ्यांच्या झिजणाऱ्या क्लच प्लेटबद्दल तर मी बोलतच नाही.

ग्राहकांनी दुरुस्तीआधी ही चाचणी समोर करून मागावी आणि काढलेला जुना पार्ट घरी न्यावा.

– एक निवृत्त मेकॅनिक, परळ