ओझं अंगाजवळ धरा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गोदामातलं काम सोडा असं मी म्हणत नाही. पण माल उचलायची पद्धत मात्र बदलाच. "वीसच किलो आहे, त्यात काय!" असं तुम्ही म्हणता, पण ते वीस किलो अंगापासून किती लांब आहेत, यावर कमरेचं सगळं अवलंबून असतं.

पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. १० किलोचं खोकं ४० सेंटिमीटर पुढे धरलं, तर ते नुसतं तोलायला त्यांना आठपट, म्हणजे ८० किलोंइतका जोर लावावा लागतो. वाकल्यावर धडाचं वजन आणखी वेगळं. हा सगळा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. खोकं पोटाशी, २० सेंटिमीटरवर घेतलं की तोच जोर निम्मा. कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या ओझं उचलण्याबद्दलच्या १९९१च्या सूत्रात उंची, पकड सगळं सोयीचं असतानाही मर्यादा २३ किलोच आहे, आणि तीही ओझं घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत असेल तर. ५० सेंटिमीटरवर ती साडेअकरा होते.

म्हणून पोतं उचलण्याआधी एक कोपरा हलवून अंदाज घ्या. पाय फाकवून एक पाऊल पोत्याच्या बाजूला पुढे टाका. पार उकिडवे बसू नका. गुडघे मध्ये येतात आणि पोतं उलट लांब जातं. गुडघे थोडे मोडून खुब्यातून वाका. पोतं जमिनीवर आडवं असेल तर आधी उभं करा, एक गुडघा टेकवून ते दुसऱ्या मांडीवर ओढा, कवटाळा आणि मगच उठा. झटका नको, श्वास कोंडणं नको. वळायचं असेल तर पावलं टाकून सगळं अंग वळवा. वाकलेल्या कमरेला पीळ बसला की गादीची बाहेरची कडी फाटायची भीती सर्वांत जास्त.

आई, तुझी सकाळची पाळी असते म्हणून सांगते. रात्रभर आडवं राहिल्यावर गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकून उचलणं जास्त बाधतं. तेवढा वेळ बिलं, मोजणी असली कामं घे. बराच वेळ बसून उठलीस तरी आधी दोन मिनिटं चाल.

दोघांनी मिळून उचललं तरी ताकद बेरजेइतकी होत नाही, दोन-तृतीयांशच धरा. कमरेच्या पट्ट्यावर विसंबू नका, त्याने दुखापत टळते असं सिद्ध झालेलं नाही. खरा फरक रॅकने पडतो: जड माल मांडी ते कोपर एवढ्या उंचीतच लावून घ्या आणि जमिनीवर काहीच जड ठेवू देऊ नका. ट्रॉली शक्यतो ओढू नका, ढकला.

उसण भरलीच तर आठवडाभर अंथरुणात पडून राहू नका, सोसेल तेवढं हिंडत-फिरत राहा. मात्र बसायच्या जागी किंवा जांघेत बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, पाय लुळा पडला, तर रात्र असली तरी तडक इस्पितळात जा. तिथे तासांचा हिशेब असतो. संकोच करू नका, मला कळवायलाही थांबू नका. फोन तिथे पोचल्यावर करा.

तुमची लेक