काका, तुम्ही फॉरमॅट करू दिलं नाहीत म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते आणखी कुणाच्या तरी कामी यावं असं मनापासून वाटतं.

विंडोज नव्याने टाकून आमचा जुना डेस्कटॉप परत आला, तेव्हा सुरू केला की थेट विंडोज. त्याच डिस्कवर विंडोजशेजारी असलेली उबुंटू ही लिनक्स सिस्टिम निवडायची यादीच गायब. दुकानदार म्हणाला, "डिस्कच्या त्या दुसऱ्या भागात काही नाहीये, फॉरमॅट करा, जागा मिळेल." त्याच भागात आईची कीर्तनं होती. कॅसेटवरून उतरवून, खरखर काढून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ केलेली. त्यातल्या काही कॅसेटना पुढे बुरशी लागली, त्या आता वाजतही नाहीत.

तुम्ही आलात आणि आधी मला माऊस सोडायला लावलात. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू केलंत, एलएसबीएलके ही आज्ञा लिहून डिस्कचे भाग दाखवलेत. आमचा भाग तिथेच होता. तो फक्त वाचण्यापुरता जोडून तुम्ही एक फाइल लावलीत. चिपळ्या वाजल्या आणि पूर्वरंगाआधीचा आईचा गजर सुरू झाला. मला रडू आलं, तुम्ही काही न बोलता आवाज थोडा मोठा केलात. तरीही दुरुस्तीला हात घातला नाहीत. आधी सगळी कीर्तनं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलीत. खरे आभार ह्या सबुरीचे.

मग कॅलेंडरच्या पाठीवर मला समजावलंत. अशा जुन्या मशीनमध्ये डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला कप्पा, ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडला, ६४ बाइट विभागांच्या तक्त्याला, उरलेले २ खुणेचे. विंडोजने त्या ४४६ मध्ये स्वतःचा कोड लिहिला आणि ग्रबकडे, म्हणजे सुरुवातीला सिस्टिमची यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जाणारी वाट तुटली. घर जागच्या जागी होतं, फक्त दारावरची पाटी बदलली होती.

पुढचं काम झटपट झालं. उबुंटूचा विभाग माउंट केलात, म्हणजे वापरासाठी जोडलात, डेव्ह, प्रॉक आणि सिस हे सिस्टिमचे फोल्डर त्याला जोडलेत, सीएचरूट करून, म्हणजे त्या विभागालाच मूळ मानून, आत शिरलात आणि ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा दिलीत. ते देताना थांबून म्हणालात, "एसडीए लिही, एसडीए५ नाही. ग्रब अख्ख्या डिस्कवर बसवायचा, विभागावर नाही." शेवटी यादी नव्याने बनवणारं अपडेट-ग्रब. यादीत विंडोज आलं नाही तेव्हा मी घाबरले. तुम्ही सांगितलंत की ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. सेटिंगमधली एक ओळ बदलून तुम्ही पुन्हा अपडेट केलंत आणि दोन्ही नावं एकाखाली एक आली.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच प्यालात. पण एक सांगायचं राहिलं होतं. शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपचं नुकतंच असंच झालं. तो यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा, त्यामुळे तुमचा कागद जसाच्या तसा लागू पडला नाही. तरी तुमच्यासारखंच आधी बघितलं. सुरू होण्याच्या फाइली ठेवणाऱ्या ईएफआय विभागात उबुंटूच्या फाइली शाबूत होत्या, फक्त बूट-क्रमात विंडोज वर गेलं होतं. क्रम बदलला, झालं. काही लिहावंच लागलं नाही.

आईच्या कीर्तनांची एक प्रत तुमच्यासाठी वेगळी काढली आहे. काकूंना घेऊन या.

तुमची,
दांडिया बाजार, बडोदे