पुराची गोष्ट जतला, दुष्काळाची पलूसला : माहितीपटांच्या फिरत्या खेळांसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली. तिथं धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. ८ तारखेला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. त्याच दिवसांत, याच जिल्ह्यात, जत आणि आटपाडी भागात पिण्याचं पाणी टँकरनं येत होतं आणि जनावरं छावणीत बांधलेली होती. इकडं घरात पाणी शिरलं म्हणून माणसं शाळेत राहायला गेली होती, तिकडं घागरी रांगेत होत्या. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांची हालत पाहिली ती टीव्हीवर, आणि तीही मिनिटभर.

यासाठीच आमच्या वाचनालयाच्या माहितीपट गटानं ठरवलंय की दिवाळीनंतर होळीपर्यंत सांगली जिल्ह्यातल्या ३० गावांत माहितीपटांचे फुकट खेळ लावायचे. पूरपट्ट्यातल्या माणसांवरचा पट जत, कवठेमहांकाळ, आटपाडीत दाखवायचा आणि पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या माणसांवरचा पट पलूस, वाळवा, मिरजेच्या नदीकाठी. खेळ संपला की लगेच उठायचं नाही, तासभर बोलायचं. जतचा शेतकरी म्हणेल, ‘तुमच्याकडं जास्त झालेलं पाणी आम्हाला का मिळत नाही?’ वाद होईल. व्हायलाच हवा.

माहितीपट म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना फिल्म्स डिव्हिजनचं रीळ आठवतं. पिक्चर सुरू होण्याआधी ते लागायचं आणि तेवढ्यात लोक बाहेर जाऊन शेंगदाणे घेऊन यायचे. आम्ही दाखवणार आहोत ते वेगळं आहे. धरणात जमीन गेलेलं कुटुंब, खाणीच्या धुळीत राहणारी वस्ती, कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मागं राहिलेली बायको, कचरा वेचणाऱ्या बायका, नदीतली वाळू उपसण्याविरुद्ध उभं राहिलेलं गाव. यातली माणसं कुणी नट नाहीत. बनवणारा त्यांच्यात महिनोन् महिने राहिलेला असतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला, तेव्हापासून चित्रीकरण सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पुरा झाला. १४ वर्षं! इतकं करून असे पट बघतात कोण, तर मुंबई-पुण्याच्या महोत्सवात आलेले, ज्यांना ते सगळं आधीच पटलेलं असतं असे लोक. ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या गावापर्यंत पट येतच नाही. आमचा राग आहे तो यावर.

आता कामाचं. एका गावच्या खेळाला साधारण ४,५०० रुपये खर्च येतो. गाडीचं डिझेल, प्रोजेक्टर आणि साउंडचं भाडं, जनरेटर, आणि पट बनवणाऱ्याला द्यायचं मानधन. चोरून उतरवलेली कॉपी आम्ही लावत नाही. दिग्दर्शकाची लेखी परवानगी आणि लागेल तिथं सेन्सॉरचं प्रमाणपत्र घेऊनच खेळ होईल. ३० गावांचे मिळून १,३५,००० रुपये होतात. यातला काही भाग सभासदांनी उचललाय, बाकीचा तुमच्याकडून हवा. कुणी एका गावाचा पूर्ण खर्च घेतला तर उत्तम, पण शंभराची नोटही आम्ही पावतीसह घेतो. चार हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर कुणी वर्षभरासाठी वापरायला दिला, तर भाड्याचा मोठा आकडाच खाली येईल.

पैशापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे आवाज. बहुतेक पट हिंदी, इंग्रजी किंवा तमिळ, ओडिया अशा भाषांत आहेत. खाली सबटायटल पळत असतं, पण पुढं बसलेल्या आजींना ते वाचता येत नाही, आणि चष्मा घरी राहिलेल्या आजोबांनाही नाही. म्हणून प्रत्येक पटासाठी माईक हातात घेऊन मराठीत सांगत जाणारा एक जण लागतो. भाषण ठोकणारा नको. पडद्यावरची बाई रडत असेल तर आपण गप्प राहायचं, एवढं ज्याला कळतं असा हवा. नाटकात काम केलेल्यांनी, शाळेच्या बाईंनी, कीर्तनाची सवय असलेल्यांनी जरूर यावं. पट चार वेळा बघून तयारी करावी लागते, ती आम्ही करून घेऊ.

गावातून काय लागतं? चुना दिलेली भिंत किंवा पडदा ताणायला दोन खांब, देवळाच्या किंवा शाळेच्या मीटरवरून वीज, आणि चौकातला हायमास्ट दोन तास बंद करू शकणारा माणूस. हसू नका, तो दिवा चालू राहिला की पडद्यावर नुसती पांढरी चादर दिसते, आणि बंद करायचा अधिकार नक्की कुणाला ते गावात कुणालाच ठाऊक नसतं. ऊसतोड मजुरांच्या कोपींवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांच्या तळावर, खेळ लावायचा तर वेळ आणखी जपावी लागेल, कारण ती माणसं पहाटे फडात असतात. तिथं अर्ध्या तासाचेच पट नेऊ.

सत्कार होणार नाहीत. शाल-श्रीफळ नाही, दीपप्रज्वलन नाही. पुढाऱ्यांनी यावं, सतरंजीवर बसावं. आणि एक पथ्य आम्ही पाळणार आहोत. कर्जापायी ज्या घरातला माणूस गेला असेल, त्या गावात तसा पट त्या घराला विचारल्याशिवाय लावणार नाही.

शेवटची मागणी थोडी वेगळी आहे. २०१९ चा आणि जुलै २०२१ चा पूर हजारो मोबाईलमध्ये आहे. फोन बदलला की तो उडून जातो. बोटीतून काढलेलं, गच्चीवरून काढलेलं, पाणी ओसरल्यावर गाळ उपसतानाचं, जे तुम्ही स्वतः चित्रित केलंय ते आम्हाला द्या. फॉरवर्ड आलेलं नको. सोबत गाव आणि आठवेल ती तारीख लिहा. मृतदेह दिसत असतील तर तेवढा भाग काढून टाका. छावणीतले, टँकरच्या रांगेतले व्हिडिओही तितकेच हवेत. कोयना धरणात गाव गेल्यावर आपल्या जिल्ह्यात वसलेल्या घरांत ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाआधीचं कोयनाकाठ पाहिलेली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्याशी बोलायला नातवंडांनी आम्हाला बोलवावं, रेकॉर्डर आम्ही आणू. या सगळ्यातून आपल्याच माणसांचा एक छोटा पट जुळवायचा बेत आहे. ज्यांचं चित्रण वापरू त्यांना तो आधी दाखवू, आणि नको म्हणाल तो तुकडा काढून टाकू.

हे आवाहन तुम्हाला ज्याच्याकडून मिळालं, त्यालाच निरोप द्या: पैसे, भिंत, आवाज की व्हिडिओ, यातलं काय देणार ते. रोख रक्कम पावतीशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही. गावाचं नाव दिवाळीआधी कळवलंत तर ग्रामपंचायतीचं पत्र आणि खेळाची तारीख वेळेत पक्की करता येईल. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या फळ्यावर लागेल.

आपले,
वाचनालयाच्या माहितीपट गटाचे सभासद
पलूस, जि. सांगली