संत्या, त्या २ लाख ६७ हजारांवर घर बुक करू नको

प्रिय संत्या,

काल फोनवर तू एवढा खुशीत होतास की मधे तोंड घालणं जिवावर आलं. पण रात्रभर डोक्यात तेच, तो सेल्सवाला तुला म्हणाला ना की "सर २ लाख ६७ हजार तर सरकारच देतंय, तेवढे डाउन पेमेंटमधून वजाच धरा", ते काही पचेना. म्हणून लिहायला बसलो, लांबण लागणार आहे, निवांत वाच.

अरे तो आकडा आमच्या वेळचा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेची जुनी व्याज सबसिडी, सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के, वीस वर्षांची मुदत धरली की जास्तीत जास्त २,६७,२८० रुपये. सहा लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांसाठी ती ३१ मार्च २०२२ ला बंद झाली, आणि हे महाशय अजून तेच पत्रक वाटतायत.

आणि आम्हाला मिळाली ती तरी कशी मिळाली ऐक. आम्ही २०१९ ला घेतलं. एका बाईचं नाव घरावर पाहिजेच असा तेव्हा नियम होता, म्हणून हिचं नाव पहिलं टाकलं, मी दुसरा. सगळं झालं, फाइल वर गेली आणि चार महिन्यांनी परत आली. का, तर आधारवर हिचं माहेरचं नाव आणि अ‍ॅग्रीमेंटवर सासरचं! बँकेतल्या मॅडमनी मॉनिटर माझ्याकडे फिरवला, दोन्ही नावं शेजारी शेजारी, आणि म्हणाल्या "ह्या दोन वेगळ्या बाया आहेत." ही माझ्या शेजारीच बसली होती रे. मग लग्नाचं सर्टिफिकेट काढा, आधार बदला, परत रांग. पैसे यायला वर्ष लागलं. आले तेही हातात नाही, थेट लोन खात्यात, मुद्दल कमी झालं आणि हप्ता साधारण साडेतेवीसशेनं उतरला. फायदा झालाच, नाही कशाला म्हणू, पण डाउन पेमेंटला त्यातला एक रुपया कामाला आला नाही, ते हिच्या बांगड्या गहाण ठेवून भरलं, तुला माहितीये.

आता नवीन योजना, प्रधानमंत्री आवास २.०. १ सप्टेंबर २०२४ पासूनची कर्जं त्यात धरतात. वर्षाचं घरातलं उत्पन्न नऊ लाखांपर्यंत चालतं, म्हणजे वहिनींच्या क्लासचे पैसे धरूनही तुम्ही बसता. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. सबसिडी पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, बारा वर्षांपर्यंतच्या मुदतीला. सगळी मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार आणि तीही एकदम नाही, पाच वर्षं दरवर्षी थोडी थोडी. आता सांग, हे डाउन पेमेंटमधून कसं वजा धरणार?

यातली एक मेख मात्र कोणी सांगत नाही. सबसिडीचा प्रत्येक हप्ता येताना कर्ज चालू पाहिजे आणि अर्ध्याहून जास्त मुद्दल बाकी पाहिजे. तुझी सवय मला माहितीये, बोनस आला की भर लोनमध्ये. गावची जमीन विकली तर एकदम फेडून टाकू असंही परवा म्हणालास. फेड बाबा, व्याज वाचेल ते वेगळंच, पण मग उरलेली सबसिडी विसर, दोन्हीकडून नाही मिळणार.

आणि तो "अ‍ॅग्रीमेंट ३५ च्या आत बसवून देतो, वरचे वेगळे द्या" म्हणाला ना, तिथे सरळ उठून यायचं. वरचे म्हणजे रोख, ज्याची ना पावती ना कर्ज, आणि उद्या काही बिनसलं तर तू कोणाला काय दाखवणार? महारेराच्या, म्हणजे बिल्डरांचे प्रोजेक्ट नोंदवणाऱ्या सरकारी साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि ताबा कधीचा लिहिलाय ते आधी बघ, ब्रोशरमधला एरिया सोड.

गावच्या घराचंही बघून घे. तू, वहिनी आणि बिनलग्नाची पोरं, एवढं कुटुंब धरतात, त्यांच्यापैकी कोणाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. घर काकांच्याच नावावर आहे ना अजून? का वाटणीत तुझं नाव चढलंय? फॉर्मवर सही करायच्या आधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा (घर कोणाच्या नावावर लागलंय तो कागद) काढून स्वतः वाच.

घर एकट्या वहिनींच्या नावावर घेतलंस तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, जॉइंट केलंस तर नाही. ३४ लाखांवर ३४ हजार होतात, आणि ते तिथल्या तिथे वाचतात, पाच वर्षं वाट बघायची नाही. पण कर्ज तुझ्या पगारावर असेल तर एकटीच्या नावावर बँक काय म्हणते ते विचारून घे.

घर घेऊ नको असं म्हणत नाहीये हां. सबसिडी शून्य धरून हिशोब बसला तर डोळे झाकून घे, नाही बसला तर थोडं लहान बघ.

टोकन अजून दिलं नाहीस ना? रविवारी दोघं या आमच्याकडे. येताना वहिनींचं आधार आण आणि त्याने आकडे लिहून दिलेला तो कागद पण आण, त्याच कागदाच्या मागच्या बाजूला बसून परत मांडू.

तुझा,
बाळ्या