विषय : दोनदा रेड झिरो लावून दिलेला लॅपटॉप आणि तुमचा ‘अर्धा डेटा’

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या वरिष्ठ प्रतिनिधींशी पाचव्यांदा बोलून फोन ठेवला. यापुढे फोन नाही, सगळं लेखी.

तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे. दोन एसएसडी (डेटा साठवणाऱ्या ड्राइव्ह) रेड झिरोत, म्हणजे प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्हींवर वाटले जातील अशा, जोडलेला हा लॅपटॉप चौदा महिन्यांपूर्वी तुमच्याच कारखान्यातून तसा आला. गेल्या महिन्यात त्यातली एक एसएसडी गेली. आदल्या रात्री सगळं नीट चालू होतं, सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर ‘फेल्ड’. एसएसडी बिघडू शकते, मला मान्य आहे.

जे मान्य नाही ते आजचं संभाषण. मी म्हणाले, सगळा डेटा गेला. उत्तर आलं, “मॅडम, एकच ड्राइव्ह खराब आहे ना? दुसरी चांगली आहे. म्हणजे अर्धा डेटा सुरक्षित आहे.” मी विचारलं, कुठला अर्धा? “ते बघावं लागेल.” मी सांगितलं की रेड झिरोत असा अर्धा काही उरत नाही. त्यावर मला अकरा मिनिटं ताटकळत ठेवलं. मग परत तेच वाक्य, एक शब्दही न बदलता, आणि वर “मॅडम, तुम्ही समजून घेत नाही आहात.” मी समजून घेत नाही? या अ‍ॅरेची स्ट्राइप, म्हणजे एका ड्राइव्हवर सलग लिहिला जाणारा तुकडा, १२८ केबीची आहे. ३ एमबीच्या एका फोटोचे २४ तुकडे होतात, एक या ड्राइव्हवर, पुढचा त्या ड्राइव्हवर. त्यातले एकाआड एक बारा उरले, तर त्याला अर्धा फोटो म्हणायचं का? माझं नऊ दिवसांचं व्हिडिओ संकलन गेलं. त्याआधीचा बॅकअप होता, म्हणूनच एवढं तरी शांतपणे लिहितेय.

दुसऱ्या फोनवर तर ‘रेड म्हणजे सुरक्षितताच असते’ असं ऐकवण्यात आलं. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली रेडवर निबंध लिहिला, त्यात एक ते पाच पातळ्या होत्या. झिरो त्यात नव्हतीच, कारण तिच्यात जादा प्रत ठेवलेलीच नसते. एक ड्राइव्ह वर्षभरात बिघडण्याची शक्यता समजा २ टक्के धरली, तर दोनपैकी एक तरी बिघडण्याची जवळजवळ ४ टक्के होते, आणि एक गेली की सगळं जातं. हे तुमच्या अभियंत्यांना माहीत आहे. विकताना मला कुणी सांगितलं नाही.

आणि हे सगळं कशासाठी? जाहिरातीतल्या ‘दुप्पट वेगा’साठी. या मॉडेलमध्ये दोन्ही एसएसडींचे स्लॉट थेट प्रोसेसरला नाही, तर मदरबोर्डवरच्या चिपसेटमार्फत जोडलेले आहेत. तिथून प्रोसेसरपर्यंतची डीएमआय ३.० जोडणी सेकंदाला जेमतेम ४ जीबी वाहून नेते, आणि एकटी एसएसडीच साडेतीन जीबीच्या आसपास वाचते. मग दुप्पट येणार कुठून? विंडोज सुरू होणं, प्रोग्रॅम उघडणं ही कामं छोट्या, विखुरलेल्या वाचनाची, त्यांना रेड झिरोचा फारसा उपयोग नाही. मोठ्या फायली हलवताना थोडा फरक पडतो, तो मी नाकारत नाही. त्या थोड्यासाठी माझं काम टांगणीला लावायला मी सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीनंतर काय केलंत? नवी एसएसडी बसवली आणि पुन्हा रेड झिरोच लावलीत! मी लेखी रेड वन, म्हणजे दोन्ही ड्राइव्हवर सगळ्या डेटाची तीच प्रत, मागितलं होतं. निम्मी जागा जाईल हे माहीत असून मागितलं होतं, आणि चुकून पुसलेली फाइल त्यातही दोन्हीकडून पुसली जाते हेही माहीत असून. उत्तर मिळालं, ‘फॅक्टरी सेटिंग बदलता येत नाही.’ त्याच बायोसच्या (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या) त्याच मेनूत रेड वनचा पर्याय आहे. मी स्वतः पाहिला आहे.

हा तुमच्याकडून घेतलेला माझा तिसरा लॅपटॉप. पहिला सात वर्षं चालला. त्याच्या भरवशावर मी आणखी दोघांना तुमचंच नाव सुचवलं, त्याचं आज वाईट वाटतंय.

रेड वन किंवा दोन स्वतंत्र ड्राइव्ह, वॉरंटी कायम ठेवून, आणि ‘अर्ध्या डेटा’च्या उत्तराबद्दल लेखी खुलासा. पंधरा दिवसांत हे मिळालं नाही, तर पाचही फोनच्या नोंदींसह ग्राहक न्यायालयात जाईन. तोवर लॅपटॉप तुमच्या सेवा केंद्रातच राहील. रेड झिरोत मी तो ताब्यात घेणार नाही.

तक्रारदार ग्राहक